कपावरचे दोन ठोके

नजमाचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यातल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी मिक्सरवरून हुज्जत घालत होतो. "काका, अब्बा गेले." एवढंच म्हणाली. मिक्सर उघडाच टाकून मी सांगलीची एसटी पकडली. माझा दोस्त दस्तगीर आता नाही, हे कराड येईपर्यंत मला नीट उमगलंही नव्हतं.

दस्तगीर मूळचा विट्याच्या कल्हईवाल्यांच्या घरातला. बंगळूरला कारखान्यात काही वर्षं काढून सांगलीत परतला, तो कॉफीचं खूळ डोक्यात घेऊनच. घरच्या घरी आपोआप उत्तम कॉफी करणारं यंत्र त्याला बनवायचं होतं. मी चहाबाज माणूस, त्यामुळं चमचाभर पुडीसाठी चाललेला तो खटाटोप बघून त्याला यथेच्छ पिडायचो. पण वायरिंग माझंच. आधी थोडं पाणी घालून पूड फुगू द्यायची, मग बारीक धार गोल गोल फिरवायची... हे काही आकड्यांत बसेना. शेवटी आम्ही त्याच्या मनगटाला सेन्सर बांधले आणि त्याच्या हाताची चाल यंत्राच्या पितळी हाताला शिकवली. कॉफी झाली की चमचा कपाच्या कडेवर दोनदा वाजवायची त्याची सवय होती. यंत्रानं तीही उचलली.

"हे काढून टाकूया की," मी म्हटलं.

"न्हाई गड्या. मग हिला कळंल कसं?"

बायकोला त्यानं जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. पहिला ठोका म्हणजे शाहीनभाभींना हाक आणि दुसरा त्याचा स्वतःचा, की मीही बसलोय. किंवा उलट असेल. मी कधी विचारलं नाही.

त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गेलो तो मुक्कामालाच. सकाळी यंत्र लावल्या वेळेला आपोआप सुरू झालं. धार सोडण्याआधी पितळी हात किंचित अडला. बाही सावरायला दस्तगीर अडायचा, अगदी तसाच. त्यातली तार न् तार मी जोडलेली, तरी अंगावर काटा आला. भीती वाटली आणि बरंही वाटलं, कारण हात त्याचाच होता. मग दोन ठोके. आतून भाभी म्हणाल्या, "आले."

नजमानं मला अंगणात गाठलं. "काका, अम्मी रोज दोन कप ठेवती. रिकाम्या खुर्चीसंगं बोलती. दोन ठोके वाजले की तिला अब्बा बसल्यात असं वाटतंय. त्यातलं एक वाजणं तेवढं काढा. मला लय भ्या वाटतंय."

पोरीचं चुकीचं नव्हतं. मी एक ठोका काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार थांबली, चमचा कपाला एकदाच लागला आणि घर गप्प झालं. भाभी पदराला हात पुसत दारात आल्या. आधी कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आवं भाऊजी, एकच वाजलं."

"व्हय भाभी. मीच जरा..."

त्या रागावल्या नाहीत. खुर्चीकडे बघत हळूच म्हणाल्या, "मग ऱ्हायलंय ते कुणाचं? त्यांचं का माझं?"

 काढताना मला दोन्ही ठोके सारखेच दिसले होते. नजमा आमच्या मागंच उभी होती. तीच म्हणाली, "काका, परत घाला." तिथंच बसून मी दुसरा ठोका परत घातला.

साताऱ्यात मी अजून चहाच पितो. पण ढवळताना चमचा कपाच्या कडेला लागला, की हात थांबतो. दुसरा ठोका ऐकू येईल असं वाटत राहतं... आणि तोवर समोरच्या खुर्चीकडे मला बघवत नाही.