भुयारातलं पाणी

"नाही, पण समजा..." असं म्हणत ते कानाची पाळी चिमटीत धरायचे. आमच्या बोरीवलीच्या घरमालकांचं, म्हणजे काकांचं, कुठलंही बोलणं असंच सुरू होई. "समजा, म्हैस बिथरली तर?" "समजा मास्तर, तुमची शाळाच बंद पडली तर?" असा एखादा घाबरट जीव तुमच्याही ओळखीत असेलच. मी दारात सायकल उभी केली, की ती कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून हे ती आडवी करून ठेवत.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. डोंगराच्या पायथ्याला तेव्हा भातशेती होती. वरच्या ओहोळाचं पाणी एका जुन्या भुयारातून काकांच्या खाचरांत यायचं. ते भुयार कुणी खोदलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. जेमतेम वाकून जाता येई. दरवर्षी आतला गाळ काढायची वेळ आली, की काकांना आदल्या दिवसापासून जेवण जात नसे.

एका भाद्रपदात पावसाने दडी मारली. भात नुकतं निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, आणि भुयारातून येणारं पाणी थांबलं. आत कुठेतरी माती ढासळली होती.

"नका जाऊ," काकी म्हणाल्या. "वर्षभर विकतचं खाऊ."

"नाही, पण समजा, दाणाच भरला नाही तर?"

वरच्या तोंडाशी मातीचा बांध घालून काकांनी पाणी बाजूला वळवलं, कुदळ नि कंदील घेतला आणि आत शिरले.

काकी तोंडाशी बसून हाका मारू लागल्या, मी शेजारी उभा होतो. "अवो!" आतून "हाय गं!" यायचं. ते दुरून, आणखी दुरून येऊ लागलं. मग धप्प आवाज झाला. त्यानंतर काहीच नाही.

हाका मारून मारून काकींचा आवाज बसला. मी आत डोकं घातलं. काळोख, आणि ओल्या मातीचा वास. काकी पदर खोचून आत निघाल्या, तसा मी त्यांचा हात धरला.

"समजा, दोघंही आत पडलात तर?" मागून आवाज आला.

ढासळलेली माती फोडून काका खालच्या तोंडाने, खाचरांपाशी बाहेर पडले होते आणि डोंगर चढून आले होते. अंगभर चिखल. काकी आधी रडल्या, मग त्यांना वाट्टेल ते बोलल्या. ते ऐकता ऐकता काकांनी पायाने बांध फोडून पाणी सोडलं.

त्या वर्षी भात चांगलं पिकलं. पुढच्या उन्हाळ्यात काका तापाने गेले.

काकींनी दिराला हाताशी घेऊन लावणी केली. भाद्रपदात पाणी पुन्हा अडलं. दीर भुयाराच्या तोंडापर्यंत जाऊन परत आला. "वहिनी, माझी छाती होत नाही," म्हणाला.

काही दिवसांनी बघतो, तर त्या हिरवं भात कापत होत्या. मी धावत गेलो.

"उभं वाळण्यापेक्षा म्हशीच्या तोंडी गेलेलं बरं, मास्तर," त्या म्हणाल्या आणि पुन्हा विळा चालवू लागल्या.