विसर्जनाचा पेनड्राइव्ह

पद्मजा काळमेघ तशी देवाधर्माची बाई. तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी अथर्वशीर्ष म्हटल्याशिवाय चहाला तोंड लावत नाही. एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळते आणि रविवारी समाजाच्या वधू-वर मंडळाचा सर्व्हर, तो फुकट. पण त्या रविवारी मंडळाचा जिना ती चढली ती दातओठ खातच.

कारण मंजिरी. दोन वर्षांमागे याच मंडळातून लग्न जुळून भिलाईला गेलेली मुलगी. आदल्या दिवशी तिच्या मोबाईलवर अभनपुरहून कुण्या मुलाच्या वडिलांचा फोन आला, "फोटो पसंत आहे, कधी येऊ?" फोन उचलला सासूनं. तेव्हापासून त्या घरात एकच प्रश्न : आमच्या सुनेचं स्थळ कोण फिरवून राहिलं?

आणि मंजिरीला शब्द दिला होता पद्मजानं. तुझी फाईल अशी पुसते, की ब्रह्मदेवालाही काढता येणार नाही. नुसतं डिलीट केलं तर यादीतलं नाव तेवढं जातं, आतला मजकूर तसाच पडून राहतो. म्हणून तिनं त्या मजकुरावर तीनतीनदा भलतंच काहीतरी गिरवून तो मोडून टाकणारं टूल सर्व्हरवर बसवलं. 'ठरले' नावाचा फोल्डर केला. लग्न जुळलं की चिटणीसांनी फाईल त्यात टाकायची, दर गुरुवारी टूल ती नष्ट करणार आणि तशी नोंद ठेवणार.

तिनं नोंद उघडली. मंजिरीची फाईल दोन वर्षांपूर्वीच गेलेली. पण सर्व्हरच्या दुसऱ्या नोंदीत दिसलं, की जाण्याच्या तासभर आधी ती कोणीतरी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती. तीच नाही, प्रत्येक फाईल.

"रामकृष्णकाका, हे तुम्ही केलं?"

चिटणीस रामकृष्ण बोरकुटे, रेल्वेतून निवृत्त, कपाळाला गंध. म्हणाले, "हव. मंग का करू? हरेक बायोडाट्यावर 'श्री गणेशाय नमः' राहते. देवाच्या नावावर तुझं यंत्र रेघोट्या मारते! कागद होते तेव्हा आपण फाडले का कधी? खारुण नदीत शिरवत होतो, विसर्जन करून. तसंच अनंत चतुर्दशीले हा पेनड्राइव्ह शिरवीन."

"दोन अनंत चतुर्दश्या गेल्या, काका!"

"भरला नव्हता न अजून."

"आणि अभनपुरवाले?"

"ते बिचारे दुरून आले. सर्व्हरवर चारच पोट्ट्या. म्हटलं, या पेनड्राइव्हात लय आहेत, मोबाईलमध्ये उतरवून घेऊन जा."

पद्मजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एकशेबारा लेकीबाळी संसाराला लागल्या, आणि तुम्ही त्यांचे फोटो, नंबर प्रसादासारखे वाटून राहिले? गणपतीले मी बी मानते. पण त्याच्या आडून बाईची अब्रू खिशात घेऊन फिरायले त्यानं सांगितलं का तुम्हाले?"

"माझ्या मनात पाप नव्हतं, पोरी."

"पाप नव्हतं हे तिच्या सासूले सांगा!"

काकांनी पेनड्राइव्ह पुढे केला. पद्मजानं तो लावला आणि टूल अख्ख्या पेनड्राइव्हवर चालवलं. काका डोळे मिटून पुटपुटत होते. तिनं थांबवलं नाही. मग बाहेर काढून नारळ फोडायच्या बत्त्यानं ठेचला. त्यांच्या देखत त्यांची सर्व्हरवरून फाईल उतरवून घ्यायची परवानगीही तिनं काढून घेतली.

तरी अभनपुरची प्रत राहिलीच. तिथं तिचं टूल पोचत नव्हतं. तिनं मंजिरीला फोन लावला आणि काकांच्या हातात दिला.

काकांनी सगळं कबूल केलं. पलीकडून मंजिरीचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "काका, देवाचं नाव न पुसायचा तुमचा नियम पाळला गेला. मी मात्र कालपासून या घरात मान वर करून जेवली नाही."

 पद्मजानं फोन परत घेतला, "मंजिरी, सासूबाईंना सांग, आज संध्याकाळी आम्ही दोघं येतो. चूक आमची, ती तुझ्या घरी येऊन काकाच सांगतील."

मग तिनं स्कूटीची किल्ली उचलली. "उठा. आधी अभनपुर. त्यांच्या मोबाईलमधून माझ्या डोळ्यांदेखत पुसलं गेलं पाहिजे."

"ऊन लय आहे व."

"असू द्या," पद्मजा म्हणाली, आणि त्यांच्या आधी जिना उतरली.