आठच्या मिस्साचा मागचा बाक

इंदापूरच्या स्टँडवर आबा सायकल धरून उभे होते. मी आणि मोनिका एसटीत बसलो होतो. लग्नाला चार दिवस झाले होते. आबा खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "पोचलास की कळव." मी काच ओढून घेतली. पोचलो, पण कळवलं नाही. मुद्दामच.

तुमच्यापैकी जे वालचंदनगरच्या कॉलनीत राहिले आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना रविवारचा तो हॉल आठवत असेल. आठला कॅथलिकांचा मिस्सा, दहाला आम्हा प्रॉटेस्टंटांची उपासना. त्यांना क्रूसावर ख्रिस्ताची मूर्ती हवी, आम्हाला क्रूस मोकळा हवा, आणि क्रूस टांगायला भिंतीत लोखंडी आकडा एकच. आबा कारखान्यात सुतार. त्यांनी सागाचा एकच क्रूस केला, एका बाजूला मूर्ती, दुसरी बाजू मोकळी. पावणेदहाला ते आणि त्यांचे कॅथलिक दोस्त सिमोन तात्या मिळून तो फिरवायचे. एकदा राहून गेलं. प्रवचन निम्मं झाल्यावर आबा गडबडीनं उठले, तर दारातून तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मिस्त्री. आज त्योबी ऐकतोय." सगळी मंडळी हसली.

हसणारी तीच मंडळी माझ्या लग्नावेळी उलटली. मोनिका कॅथलिक. लग्न फादरांनी लावलं म्हणून आमच्या पंचांनी बैठक घेतली आणि माझं नाव पटावरून कमी केलं. आबा त्या बैठकीत होते. खाली बघत बसले, एक शब्द बोलले नाहीत. दोन बाजूंचा क्रूस करणाऱ्या माणसाला पोरासाठी एक वाक्य जमू नये, हे मला कधी गिळता आलं नाही.

वाशीच्या मार्केटला पेट्या उचलण्यापासून सुरुवात केली, आज डाळिंबाचा माझा स्वतःचा गाळा आहे. सौद्यात मी कुणाला सोडत नाही, असं लोक म्हणतात. खरं आहे. मोनिका म्हणायची, "एकदा जाऊन या." मी म्हणायचो, आधी ते बोलू देत. पहिला भाव समोरच्यानं सांगायचा, हा धंद्याचा नियम मी बापालाही लावला. वीस वर्षं लावला.

गेल्या वर्षी आबा गेले. मातीला निघालो, वाटेत निमगाव केतकी मागं पडलं तरी मी मनात भांडण रचत होतो. मोनिका पहिल्या बाकावर बसेल, फादरही प्रार्थना करतील, कोण नाही म्हणतं ते बघतो. हॉलच्या दारात नवे पाळकसाहेब भेटले. मी आवाज चढवला. ते म्हणाले, "फादर आत बसलेत. शास्त्रपाठ ते वाचतील, प्रार्थना मी करीन. मिस्त्रींनी सांगून ठेवलं होतं, आणि आमचीही तीच इच्छा होती." घासाघीस करायला काही उरलंच नाही. जुन्या पंचांपैकी दोघं आले होते. त्यांच्याकडं मात्र मी पाहिलं नाही.

माती झाल्यावर तात्यांनी मला हॉलात परत नेलं आणि मागच्या बाकाकडं बोट केलं.

"तू गेलास तवापास्नं तुझा बाप आठच्या मिस्साला हितं बसायचा. ख्रिस्तप्रसादाला उठायचा न्हाय, नुसता बसायचा. मग क्रूस फिरवून दहाला तुमच्यात. मी म्हणलं, मिस्त्री, आमच्यात आलास काय? तर म्हणला, सून कॉलनीत असती तर हितंच बसली असती न्हवं? तिच्या घरचं कुणीतरी हितं दिसाया पायजे."

"मग बैठकीत का बोलले नाहीत?"

तात्यांनी बाकाच्या पाठीवर हात ठेवला. "भ्याला. म्हणूनच तर बसायचा की. शेजारी पिशवी ठेवायचा. कुणी सरक म्हणलं की म्हणायचा, दोघं यायची हायत."

आता महिन्यातून एका रविवारी आम्ही दोघं तिथं जातो, आठला त्या बाकावर बसतो. तात्यांचे हात थरथरतात, म्हणून पावणेदहाला स्टुलावर मी चढतो. क्रूस वाटतो त्याहून जड आहे. मग मी दहासाठी थांबतो आणि मोनिकाही माझ्याशेजारी थांबते.

घर कुठलं, असं मार्केटात कुणी विचारलं तर पूर्वी मी वाशी सांगायचो. आता वालचंदनगर सांगतो. आणि तिथून वाशीला परतलो की तात्यांना फोन लावतो आणि सांगतो, पोचलो. ते "बरं" म्हणतात.