फक्त झोपायला या

सोलापुरात एखादा माणूस दुसऱ्या माणसाला ओळखत नाही असं तुम्हाला कधी आढळलं, तर त्याचा अर्थ एकच : त्या दिवशी आमच्या हिचे मामा परगावी गेलेले असणार. एरवी ते शक्यच नाही. सिद्धेश्वराच्या तळ्यातले मासेसुद्धा एकमेकांना मामांमुळे ओळखतात असं मी एकदा म्हणालो, तर आमची ही हसलीसुद्धा नाही. "असेल. रोज कणकेच्या गोळ्या टाकायला जातात ना," एवढंच म्हणाली. नात्याने ते माझे मामेसासरे, पण हे नातं माझं एकट्याचं आहे असा हक्क मी कधी सांगितला नाही. त्यांच्याहून वयाने मोठी, दात पडलेली माणसंसुद्धा त्यांना मामाच म्हणतात. एका म्हाताऱ्याने तर त्यांना रस्त्यात वाकून नमस्कार केलेला मी पाहिला आहे. मामांनी आशीर्वाद दिला आणि म्हाताऱ्याची तिथल्या तिथे शेजारच्या पानवाल्याशी ओळख करून दिली.

उभी हयात त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली. मोहोळ, करकंब, अक्कलकोट हे त्यांचे रस्ते. बाकीचे कंडक्टर माणसं गाडीत भरायचे, मामा ती जुळवून बसवायचे. डाळिंबवाल्याच्या शेजारी लाकडी खोकी ठोकणारा, मेंढरंवाल्याच्या शेजारी घोंगडी विणणारा. "उठा हो पाव्हणं, तुमी तितं जावा. ह्यांच्याकडं लोकर हाय, तुमच्याकडं माग हाय. खिडकी काय करायचीय तुमाला?" खिडकी गेलेला माणूस कुरकुरत उठायचा आणि मोहोळ येईस्तोवर त्याचा सौदा झालेला असायचा. एकदा करकंबच्या गाडीत त्यांनी चुकून दोन सख्खे भाऊ शेजारी बसवले. बांधावरून दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. ते असे भांडले, असे भांडले, की ड्रायव्हरने गाडी थांबवून कानात बोटं घातली. गाडी आगारात शिरली तरी भाऊ उतरेनात. शेवटी मामांनी दोघांना ओढत चहाला नेलं. आता ते दोघं मिळून बेदाणा विकतात, आणि भांडायची हुक्की आली की एसटीने प्रवास करतात.

निवृत्त झाल्यावर गाडी सुटली, सवय सुटली नाही. नव्या पेठेत भर गर्दीत दोन रिक्षांची टक्कर झाली. दोन्ही रिक्षावाले एकमेकांच्या खानदानात शिरले होते. मामा मधे उभे. "अरे, थांब की! तुझा टप फाटलाय न्हवं? ह्याचा मेव्हणा टप शिवतोय. अन् तू रं, तुला शाळंची पोरं पायजेत म्हणत होतास ना? ह्याच्या गल्लीत पोरंच पोरं हायती." रिक्षावाल्यांना भांडण कुठं सोडलं होतं तेच आठवेना. मागे तुंबलेल्या गर्दीने टाळ्या वाजवल्या, असं मी सांगतो. मामा म्हणतात शिव्या दिल्या. ते काही असो, रस्ता मोकळा झाला.

मामांना सोलापूरबद्दल जो अभिमान आहे, तो सोलापूरला पेलत नाही. इथल्या उन्हाला कुणी नावं ठेवली तर त्यांचा चेहरा आपल्याच मुलीला स्थळाने नाकारल्यासारखा होतो. "ऊन काय आमी तुमच्यासाटी लावलंय व्हय? टावेल वाळाय लावलंय!" त्यांच्या मते जगात कापड दोनच प्रकारचं असतं, सोलापूरचं आणि अंग झाकायचं. म्हणून कुणाच्याही घरी गेले की आधी पलंगाच्या चादरीचा कोपरा उलटा करून दोन बोटांत चोळून बघतात. ते दवाखान्यात आजाऱ्याला भेटायला गेले तेव्हा मी सोबत होतो. त्यांनी आधी चादर चाचपली, मग आजाऱ्याचा हात. त्याच्या बायकोने घाबरत विचारलं, "काय वाटतं मामा?" मामा गंभीरपणे म्हणाले, "माणूस टिकंल. चादर न्हाय टिकायची." माणूस खरोखर बरा झाला. चादरीचं पुढे काय झालं ते कळलं नाही.

आता हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मधे नरसय्या आला. मामांच्या घराची मागची भिंत म्हणजे नरसय्याच्या चादरीच्या कारखान्याची भिंत. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखाली थोडेसे यंत्रमाग, आजोबांपासून चालत आलेले. नरसय्या घरात तेलुगू बोलतो, दारात मराठी, आणि मागाशी काय बोलतो ते मागालाच ठाऊक. दिवसभर तिथे असा खटखटाट चालतो की मामांच्या घरात मांडणीवरचे पेले आपोआप जागा बदलतात. आणि त्या आवाजात मामा जेवून आडवे होतात, ते थेट चहालाच उठतात. "मामा, त्रास नाही होत?" असं मी लग्नानंतर नवानवा असताना विचारलं होतं. "जावईबापू," ते म्हणाले, "पाळण्याची कडी वाजती म्हणून कुणी पोराला उचलून ठिवतंय व्हय?"

त्या भिंतीपलीकडून एके दिवशी नरसय्या आला आणि उंबऱ्यावरच बसला. म्हणाला, "मामा, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली की माग मोडीत काढतो. भंगारवाला बघून गेला."

"का रं?"

"गिऱ्हाईक नाय. बाहेरून स्वस्त माल येतो, वर आमच्याच गावाचं नाव लावून विकतात. मी नावासाठी भांडू का पोटासाठी, सांगा की."

 त्या दुपारी मामा झोपले नाहीत. मामींनी हे फोनवर आमच्या हिला सांगितलं तेव्हा आमच्याकडे कुणीतरी अत्यवस्थ असल्यासारखी धावपळ झाली.

पुढच्याच आठवड्यात आम्ही त्यांना, जरा मन रमावं म्हणून, महाबळेश्वरला नेलं. हॉटेलच्या खोलीत शिरल्या शिरल्या मी खिडकी उघडून दरी बघितली, मामांनी चादरीचा कोपरा उलटून बघितला. आणि खाली जाऊन मालकाला बोलावणं धाडलं. मालक आला. सडपातळ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, महामार्गावर ठिकठिकाणी हॉटेलं असलेला माणूस. त्याला वाटलं, गरम पाण्याची तक्रार असेल.

"पाव्हणं," मामा म्हणाले, "तुमचा च्या चांगला, डोंगर बी बरा हाय. पर तुमची चादर खोटं बोलती. कोपऱ्यावर 'सोलापुरी' लिवलंय, अन् हिनं सोलापूर सपनात बी बघितलेलं न्हाय."

मी भिंतीवरच्या चित्राकडे बघायला लागलो. मालक मात्र हसला. "मग खरी कशी असते ते दाखवा."

"हितं न्हाय दावत. तितं या. काय घिऊ नका, काय इचारू नका. फकस्त झोपायला या."

"झोप!" मालक म्हणाला. "धंद्यात पडल्यापासून ती काय असते तेच विसरलोय, मामा."

बघा, तोही मामाच म्हणाला. आणि खरोखर जत्रेच्या थोडं आधी त्याचा फोन आला : तुळजापूरला दर्शनाला निघालोय, दुपारी तुमच्याकडे येऊन जातो.

मग मामांनी गल्ली हातात घेतली. सडे पडले, गटारीवर फरश्या बसल्या, वर्षानुवर्षं दारात उभी असलेली मोडकी मोपेड मालकासकट आत गेली. कुत्र्यांनाही ताकीद दिली असावी, कारण ती शेपूट सरळ करून बसली होती. पण मामांनी एक चूक केली, आणि ती मामाच करू जाणे. गल्लीतलं एकही घर नाराज होऊ नये म्हणून त्यांनी प्रत्येक दारात जाऊन हळूच सांगितलं, "पाव्हण्याचा पयला घास तुमच्याच घरात हं. कुणाला बोलू नका."

कुणी बोललं नाही. सगळ्यांनी चुली पेटवल्या.

पाहुणा गाडीतून उतरला तोच भाकरीवाल्या काकूंनी त्याला आत घेतलं. काकू अक्कलकोटकडच्या, त्यांची कडक भाकरी अशी, की मोडताना शेजारच्याने दचकून वर बघावं. वर शेंगाची चटणी, दही, आणि "ऊटा माडरी, ऊटा माडरी" असा जेवणाचा प्रेमळ कानडी दम. बाहेर पडतो तर समोरच्या घरातल्या खाला, गल्लीभरच्या मावशी, पदर खोचून उभ्या. "आव जी, शरमाते कायकू? पैला निवाला हमारेच घर का है!" पाहुण्याने मामांकडे पाहिलं. मामांनी आभाळाकडे पाहिलं. तिथून पुढे प्रत्येक घरात पहिला घास झाला. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत पाहुण्याचा सदरा ताणला होता, चाल बदलली होती, आणि शेवटच्या दारात नरसय्याची बायको हातात चिंचेच्या भाताचं ताट घेऊन उभी होती.

नरसय्याने नवा सदरा घातला होता. काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. ताट रिकामं झालं, पाहुणा कारखान्यात आला. नरसय्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "साहेब, ही जी चादर..." पुढचं त्या खटखटाटात कुणाला ऐकू आलं नाही. पाहुण्याला तर नाहीच. तो चादरींच्या थप्पीला टेकला, टेकला तो कलला, कलला तो आडवा झाला, आणि एक चादर अंगावर ओढून घोरायला लागला.

आमच्या माणसांना पाहुण्याची झोपमोड म्हणजे महापाप. मामा दोन्ही हात हलवत धावले. "आपु रा नरसय्या, आपु! बंद कर सगळं! पाव्हणा झोपलाय!" नरसय्याने पळत जाऊन एकेक बटण दाबलं. धोटे थांबले. पट्टे थांबले.

आणि गल्लीवर शांतता पडली.

मी सोलापुरात इतकी वर्षं राहतो, पण अशी शांतता ऐकली नव्हती. क्षणभराने पलीकडच्या घरात तान्हं पोर टाहो फोडून उठलं. मग दुसरं. कुत्री ताकीद विसरून भुंकायला लागली. समोरची आजी डोळे चोळत बाहेर आली आणि घाबऱ्या आवाजात ओरडली, "कोण गेलं? अरे, माग का थांबले? कोण गेलं?" दारादारांतून माणसं बाहेर आली आणि एकमेकांची तोंडं बघत उभी राहिली. नरसय्या मागावर हात ठेवून तसाच उभा होता. तो मामांना हळूच म्हणाला, "जत्रा झाल्यावर असंच होणार की, मामा."

मामा जवळच्या चादरीचा कोपरा दोन बोटांत चोळायला लागले.

तेवढ्यात थप्पीवरून आवाज आला. "बंद का केलंत?" पाहुणा उठून बसला होता. डोळे लाल, केस उभे, चेहऱ्यावर हातातली मिठाई काढून घेतल्यासारखा भाव. "इतकी गाढ लागली होती... अहो, चालू करा ना!"

नरसय्याने मामांकडे पाहिलं. मामांनी मान हलवली. माग सुरू झाले. पाहुणा पुन्हा आडवा झाला, पोरं गप्प झाली, आजी पुटपुटत आत गेली. पाहुण्यावर लक्ष ठेवायला म्हणून मामा थप्पीच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि त्याच्याआधी घोरायला लागले. दोघं उठले ते ऊन उतरल्यावर. तुळजापूरची देवी त्या दिवशी वाट बघत राहिली.

चहाचा कप हातात घेऊन पाहुण्याने चादरीचा कोपरा उलटा करून बघितला. मग म्हणाला, "मामा, खरं सांगा. ही झोप आवाजाची का चादरीची?"

मामा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "आवाज काय देता येत न्हाय. चादर घिऊन जावा."

लगेच सोन्याचा धूर निघाला असं मी म्हणणार नाही. मी थापा मारतो, पण हिशेबात नाही. त्याने आधी एकाच हॉटेलापुरत्या चादरी घेतल्या. मामांनी अट घातली, की प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर त्यांच्या गल्लीचं नाव विणायचं, आणि प्रत्येक खोलीत काकूंच्या चटणीची पुडी ठेवायची. पाहुण्याने दोन्ही मान्य केलं. नंतर दुसऱ्या हॉटेलाची मागणी आली, मग तिसऱ्या. ती नरसय्याच्या मागांना झेपेना, तेव्हा त्याने शेजारच्या बंद पडायला टेकलेल्या कारखान्याला अर्धी दिली. काकूंनी चटणी कांडायला खालांना हाताशी घेतलं, आणि आता चटणीत लसूण किती यावरून दोघी कानडीत आणि दखनीत रोज भांडतात, पुड्या मात्र वेळेवर जातात. जत्रा झाल्यावर भंगारवाला ठरल्याप्रमाणे आला. मामांनी त्याला बसवून घेतलं, पाणी दिलं, आणि नरसय्याशी नव्याने ओळख करून दिली. आता तो गावोगावच्या मोडीत निघालेल्या मागांचे सुटे भाग नरसय्याला आणून विकतो.

अलीकडे मात्र मामा इथे नसतात. गुडघ्यांनी दगा दिला, जिने चढवेनात, म्हणून लेकीने त्यांना आणि मामींना पुण्याला नेलं. लिफ्टची सोय आहे. तिथल्या इमारतीत वर्षानुवर्षं न बोललेली माणसं आता एकमेकांच्या घरी वाटीवाटीने आमटी पाठवतात असं कळतं, तेव्हा मामा बरे असणार.

परवा दुपारी मी चादरी घ्यायला नरसय्याकडे गेलो होतो. माग जोरात होते. मधल्या मागाच्या बाजूला, खिडकीच्या फळीवर, चादरीची घडी करून तिच्यावर त्याचा फोन ठेवलेला दिसला. फोन चालू होता. मला वाटलं, विसरला असेल, म्हणून उचलायला गेलो, तर नरसय्या धावत आला.

"राहू द्या, राहू द्या! मामा आहेत."

"मामा? काय म्हणतात?"

"काय नाय म्हणत. जेवण झालं की लावतात रोज. तिथं लई शांत आहे म्हणे, झोप येत नाय."

त्याने फोन अलगद उचलला, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि डोळे मिटून ऐकलं. मग हसला, फोन माझ्यापुढे धरला. मीही कान लावला. तिकडे पुण्यात, कुठल्याशा मजल्यावर, आमचे मामा संथ लयीत घोरत होते.

नरसय्याने फोन बंद केला नाही. पुन्हा त्या घडीवर ठेवला, मागाच्या थोडा आणखी जवळ.