ह्यांच्या उंचीचा त्रिशूळ

नवस बोलणाऱ्याला बोलताना काही लागत नाही, हाल होतात ते फेडणाऱ्याचे, असं माझं मत लग्नाआधीपासूनचं. आमच्या ह्यांनी मुलगा झाला तेव्हा आनंदाच्या भरात चौरागडच्या महादेवाला त्रिशूळ कबूल केला, आणि तोही साधासुधा नाही, स्वतःच्या उंचीचा. हे गांधीबागेत कापडाच्या दुकानात होते. वरच्या फळीवरचे तागे शिडी न लावता काढायचे. मी त्यांच्या खांद्यालाही पुरत नव्हते. दरवर्षी शिवरात्र यायची आणि दरवर्षी हे म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. मुलगा शाळेत जाऊ लागला तरी त्रिशूळ काही घडला नाही. मग एका हिवाळ्यात ह्यांना धंतोलीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. पोटाचं ऑपरेशन झालं, पण जखम भरेना, ताप उतरेना, आणि दुखण्यापायी रात्र रात्र डोळ्याला डोळा लागेना. डॉक्टर धड काही सांगत नव्हते. सासूबाई मात्र अगदी स्पष्ट सांगत होत्या, की महादेवाचं राहिलं म्हणून हे झालं.

मला ते पटत नव्हतं. भोळा म्हणवणारा देव असा डूख धरून बसेल कशाला? पण घरात माणूस अंथरुणाला खिळलं की पटणं-न पटणं बाजूला राहतं. लोहाराला माप हवं होतं. सासूबाई सुतळी घेऊन दवाखान्यात आल्या आणि खाटेवर निजलेल्या लेकाला टाचेपासून टाळूपर्यंत मोजू लागल्या. निजलेल्या माणसाचं असं तिरडीसारखं माप घेताना बघवेना, मी तोंड फिरवलं. नर्स रागावली. हे मात्र तेवढ्या तापातही हसले. म्हणाले, “लोहाराले सांगजो माय, उभा असतो त बोटभर जास्तच भरलो असतो.” मी व्हरांड्यात जाऊन रडून घेतलं.

आमच्या घराण्याची रीत अशी, की नवसाचा त्रिशूळ नवरा-बायकोपैकी एकानेच खांद्यावरून न्यायचा. विसावा घेताना दुसऱ्या कुणी धरला तर चालतो, पण एकदा घराबाहेर काढला की महादेवापाशी पोहोचेपर्यंत त्याला भुई लागू द्यायची नाही. हे जाऊ शकत नव्हते, म्हणजे मलाच जायचं होतं. आजारी नवऱ्याला सासूच्या हवाली करून आपण डोंगर चढायला निघालो, हे खरं म्हणजे धर्माचं की अधर्माचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. धाकटे दीर सोबत होते. इतवारीहून छोट्या गाडीने छिंदवाडा, तिथून पुढे मोटार आणि मग पायी. रात्री मुक्कामाला दीर त्रिशूळ भुईपासून वर, झाडाला उभा बांधून ठेवायचे. आणि चालता चालता माझ्या मनाने एक भलतंच घेतलं. ह्यांच्याच मापाचं लोखंड खांद्यावर होतं. मला वाटू लागलं, की हा उभा आहे तोवर हे आहेत. हा आडवा झाला, की संपलं. कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटच्या चढाला लागलो. सकाळ छान होती. पळस फुललेला, मोहाचा वास सुटलेला, आणि आमच्या वऱ्हाडाकडची, नागपूरकडची माणसं गाणी म्हणत, हर हर महादेवाचा पुकारा करत चाललेली. त्या गर्दीत दीर पुढे निघून गेले आणि मी मागे राहिले. थोड्या वेळाने आसपास ओळखीचं कुणी उरलं नाही. आता त्रिशूळ धरायला कुणी नाही, म्हणजे बसणं नाही. घशाला कोरड पडली होती, पण लोट्यातलं पाणी घेण्याइतका हात मोकळा होत नव्हता. येणारेजाणारे “द्या बाई” म्हणायचे आणि मी मान हलवायची. अनोळखी माणसाच्या हाती ह्यांना कसं देऊ? खांदा सोलून निघाला होता. मी एका हाताने झाडाची मुळं धरत वर सरकत होते. दुपार कलायला लागली असताना पायाखालचा दगड निसटला. मी गुडघ्यावर आले, आणि त्रिशूळ खांद्यावरून सुटून वाटेच्या कडेला पाचोळ्यात आडवा पडला.

मला तो उचलायचंही सुचलं नाही. मी तिथेच बसून राहिले. रडूसुद्धा येईना. धंतोलीतली ती खाट डोळ्यांपुढे होती आणि तिच्यावर पांढरी चादर पार डोक्यापर्यंत ओढलेली मला दिसत होती.

वरून दर्शन घेऊन माणसं उतरत होती. त्यातली एक बाई थांबली. माझ्यापेक्षा बरीच मोठी, काष्टा घातलेली, कपाळभर बुक्का.

“काय झालं वं माय? लागलं का?”

मी म्हटलं, “मावशी, त्रिशूळ पडला. भुईला लागला.”

“पडला त पडला. काहून एवढी घाबरून राहिली?”

मग मात्र माझा बांध फुटला. मी तिला सगळं सांगितलं. सुतळी, खाट, माप, आणि माझ्या मनाने घेतलेलं ते वेडही. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. ऐकून झाल्यावर त्रिशुळाकडे बघत म्हणाली, “तुया मालकाच्या मापाचा हाय म्हणतं. आन मालक बिमार हाय. मग बिमार माणसाले कोणी इतके दिवस उभं ठेवते का वं? निजल्याबिगर तो बरा कसा होईन?”

तिने आपली घोंगडी पाचोळ्यावर पसरली, त्रिशूळ उचलून तिच्यावर ठेवला आणि माझ्याजवळ बसली. “निजू दे त्याले घडीभर. त्याच्यापाशी महादेव हाय. तू खाय आधी.” तिच्या फडक्यात भाकर होती, चून म्हणजे आमचं पिठलं होतं, वर एक कांदा. मी पोटभर जेवले. पाणी प्यायले. आणि सांगायला लाज वाटते, पण तिथेच झाडाला टेकून मला डुलकी लागली. किती दिवसांनी लागली कोण जाणे. जाग आली तेव्हा ती तशीच बसून होती, डहाळीने माझ्या तोंडावरच्या माशा हाकत. उठताना घोंगडी झटकून म्हणाली, “चाल, मी येतो तुयासंग.” दर्शन घेऊन अर्धा डोंगर उतरलेली बाई माझ्यासाठी पुन्हा तो सगळा चढ चढली. पुढचं टोक तिच्या खांद्यावर, मागचं माझ्या. रीत मोडली म्हणायची तर मोडली. वर दीर चेहरा पाडून माझी वाट बघत उभे होते. मी त्यांच्याशी बोलून वळते तोवर ती उतरणाऱ्या माणसांत मिसळून गेली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं. महादेवापाशी त्रिशूळ ठेवला तेव्हा मला काही मागायचं सुचलं नाही. तुझं तू बघ, एवढंच म्हटलं, आणि ते म्हणताना खरोखर हलकं वाटलं.

नागपूरला उतरल्यावर घरी न जाता मी थेट दवाखान्यात गेले. सासूबाई दारातच भेटल्या. “ताप उतरला वं. शिवरात्रीच्या आदल्या रोजी दुपारी निजला त दिवे लागेपर्यंत उठलाच नाही. मी त घाबरली होती.” मी वेळ विचारली नाही. जखम त्यानंतर भरत गेली, डॉक्टरांनी औषध बदललं होतं म्हणे. तसंही असेल. ती बाई कोण होती, असं लोक विचारतात. वर्ध्याकडची वाटली, एवढंच मी सांगते. तिच्या रूपाने कोण आलं, हे ठरवण्याइतकी माझी लायकी नाही. उपकार मात्र रोज आठवतात.

त्यानंतर हे पुष्कळ जगले. मुलाचं लग्न पाहिलं, नातवाला खांद्यावर बसवून पोळा दाखवला. शेवटी वयाने थकले आणि एका सकाळी श्वास मंद होत गेला. वडीलधारे म्हणाले, आता खाली घ्या. अशा वेळी बायका आडव्या पडतात, खाटेवरून उतरवू देत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे. मी स्वतः भुईवर घोंगडी अंथरली. चौघांनी उचललं, डोकं मी धरलं. खाली टेकवल्यावर ह्यांचा चेहरा शांत दिसला. “पुष्कळ दिलंस महादेवा,” मी म्हटलं, आणि त्यांच्या डोक्याखालचा हात हळूच काढून घेतला.