वेलीपाशी अडलेली जाळी

बाबांनी घराभोवती कुंपण म्हणून चेनलिंकची जाळी बसवली तेव्हा शेजारचा प्लॉट रिकामा होता. हद्दीचा दगड गाजरगवतात कुठेतरी गडप झालेला. बाबांनी एक डोळा मिटून विजेच्या खांबाकडे पाहिलं आणि त्या रेषेत लोखंडी अँगल पुरले. मग जाळीच्या कडेला द्राक्षाची एक काडी लावली. सातपूरच्या कारखान्यात नोकरी करणारे, घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणाची शेती नसलेले माझे बाबा त्या एका वेलीला ‘आपली बाग’ म्हणायचे. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला बाग बघावी लागे.

काही वर्षांनी शेजारचे काका आले. ते सायखेड्याकडचे, खरीखुरी द्राक्षबाग असलेले. मुलांच्या कॉलेजसाठी नाशकात घर बांधायला निघाले होते. मोजणी झाली आणि आमची जाळी त्यांच्या जागेत चांगली तीन फूट आत निघाली. बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्याच रविवारी ते पक्कड आणि पहार घेऊन जाळी मागे घ्यायला उभे राहिले.

ही जाळी सुटायला तशी सोपी. एक तार फिरवत फिरवत वर ओढली की तिथून पट्टा मोकळा होतो. दुपारपर्यंत बाबांनी आणि मी बहुतेक जाळी नव्या रेषेत नेली. घोडं अडलं ते वेलीपाशी. तिचं खोड जाळीच्या घरांतून आतबाहेर करत मनगटाएवढं झालं होतं, तार सालीत रुतून बसलेली. वेल कापल्याशिवाय तेवढा पट्टा निघणं शक्य नव्हतं. त्यात फेब्रुवारी महिना. घड लगडलेले, साखर भरत आलेली. बाबांनी कोयता मागितला.

मला रडूच फुटलं. आई म्हणाली, निदान घड तरी उतरवू द्या. पण परक्याच्या जागेत आता एक दिवस राहायचं नाही, हा बाबांचा हेका. तेवढ्यात काका आले आणि त्यांनी बाबांच्या हातातून कोयता काढून घेतला.

“साहेब, माल लागलाय वेलीला. आता नाय कोयता लावायचा. छाटणी होऊ द्या, मग बघू.”

म्हणून तेवढा पट्टा जुन्या जागी राहिला. आमचं कुंपण सरळ यायचं आणि वेलीपाशी काकांच्या अंगणात पोट काढायचं. येणारा-जाणारा हसायचा.

ऑक्टोबरात काकांनी स्वतःची कात्री आणून वेल छाटली. बाबा पक्कड घेऊन तयारच होते. तर काका म्हणाले, आता काड्यांचे डोळे फुटून कोंब येतील, आता हलवू नका. मग फुलोरा आला, मग मणी धरले, मग साखर. एप्रिलच्या छाटणीनंतर म्हणे नव्या काड्या तयार व्हायच्या होत्या. असं दोन-तीन वर्षं चाललं तेव्हा बाबांच्या लक्षात आलं, की काकांच्या पंचांगात जाळी हलवायला मुहूर्तच नाही. त्यांनी पक्कड माळ्यावर टाकली. पुढे दर वर्षी पहिला घड काकांच्या घरी जाऊ लागला आणि तो आंबट निघाला तरी काका अख्खा संपवायचे.

बाबा गेले त्याच वर्षी काकांकडे मोटार आली. अंगणात वळवताना ते पोट नेमकं आड यायचं; एकदा तर आरसाच जाळीवर घासला. मला फार संकोच वाटला. मी काकांना म्हटलं, आता बाबा नाहीत, वेल काढून टाकू या, तुमची जागा मोकळी होईल.

काका वेलीकडे बघत राहिले. आदल्याच आठवड्यात त्यांनी ती छाटली होती, बोडक्या काड्यांवर अजून पानही नव्हतं.

“तुझ्या बापाची बाग हाय ती, पोरी,” ते म्हणाले. “पुढची छाटणी होऊ दे, मग बघू.”