हिराजीमामांच्या संध्याकाळी

हिराजीमामा गेल्याचा निरोप आला तेव्हा माझे दोन्ही हात खळीने माखलेले होते. खाडीत घाण पाणी सोडणाऱ्या कारखान्यांविरुद्धची पत्रकं आम्ही पावणे गावाच्या नाक्यावर चिकटवत होतो. शेजारचा एकजण सायकलवरून आला, पाय टेकवून म्हणाला, "तुझा मामा गेला रं," आणि मी हातातलं पत्रक पूर्ण चिकटवूनच निघालो. का, ते आजही सांगता येत नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, भातखाचरांच्या जागी शेड उभ्या राहिल्या आणि नांगर धरणारे मामा एका केमिकल कारखान्यात पिंपं लोटू लागले. दारू आधीही होती, सणासुदीची. आता ती रोजची झाली. पाळी सुटली की खाडीकाठच्या खाजणातली दारूची भट्टी, मग अंधारात कुणाच्या तरी खांद्यावरून घर... मी पत्रकांवर वाढलेला. वडील सभेतून आणत त्या कागदांवरच मी वाचायला शिकलो. दोष भट्टीवाल्यांचा, हप्ते खाणाऱ्यांचा आणि माणसाची जमीन काढून त्याला पिंपामागे उभं करणाऱ्यांचा, हे मला पाठ होतं. आजही माझं मत तेच आहे. पण मामा सुटले ते माझ्या मतामुळे नाही. एकदा रक्ताची उलटी झाली. सरकारी इस्पितळात त्यांना खाटेला बांधून ठेवलं. भिंतीवरून खेकडे उतरताहेत म्हणून ते ओरडत आणि मामी उशाशी बसून, तिला न दिसणारे ते खेकडे पदराने झटकत राही. तिथून ते घरी आले ते पुन्हा न पिण्यासाठीच.

मी उत्साहाने दारूविरोधी पत्रक लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "चांगलं हाय. पन बाला, संध्याकाळी काय करायचं ते नाय लिवलंस."

खरंच नव्हतं लिहिलं. आमच्या आगऱ्यांच्या हळदीत पुरुष बाटलीभोवती बसतात. मामांना तिथे बसवेना, आणि आलेच नाहीत तर भावकी रुसणार. मग एका हळदीला ते मांडवामागे लसूण सोलणाऱ्या बायकांत जाऊन बसले. "ये गो हिराजीबाय, नथ इसरलीस काय?" एका म्हातारीने विचारलं आणि सगळ्या खिदळल्या. "तुझीच दे, आजे. तुला आता नाक कुठं राह्यलंय?" मामा म्हणाले आणि लसूण सोलू लागले. पुढे प्रत्येक हळदीला तिथे त्यांचा पाट ठरून गेला. परतताना मात्र एकदा मला म्हणाले, "दारू सुटली रं. तिच्यासंगं मानसं पन सुटली."

अशी पाच-सहा वर्षं गेली. एक थेंब नाही. मग पोटात पाणी झालं. यकृताचं नुकसान जुनंच आहे, डॉक्टर म्हणाले. गावाने वेगळंच ठरवलं: एकदम सोडली, म्हणून गेला.

दहाव्याला खाडीच्या बांधावर पिंड ठेवला. कावळा येईना. ऊन चढलं, लोक चुळबुळू लागले. मामांचे थोरले भाऊ पुढे झाले आणि त्यांनी खिशातून दारूची चपटी काढली. मागे बायकांत उभी असलेली मामी तशीच धावत आली. "भावजी, ती नको. त्यांनी सोडलेली हाय."

"अगो, मेल्यावर कसली सोडलेली? जीव अडकलाय त्याचा."

मी म्हणालो, ओहोटी आहे, कावळे चिखलात निवट्या मासे टिपताहेत, पाणी चढलं की येतील बांधावर. कोणी वळूनही पाहिलं नाही. खाडीचं हे वेळापत्रक मला त्याच माणसांनी शिकवलं होतं. दारू पिंडाभोवती ओतली गेली. तोवर भरती लागलीच होती. पाणी चिखलावर चढू लागलं आणि एक कावळा उडून थेट पिंडावर आला. "बघा! मागतच होता," कोणीतरी म्हणालं. सगळे सुटल्यासारखे हसले, हात जोडले, घराकडे वळले. मामांची ती सगळी वर्षं एका पक्ष्याने चोच मारून संपवली आणि मी, सभा गाजवणारा, बांधावर नुसता उभा राहिलो.

काही दिवसांनी मामीकडे गेलो. ती म्हणाली, "बाला, खरं सांग. ते मागत होते काय?"

मी पुन्हा भरतीचं सुरू केलं. "भरतीचं मला नको सांगू. मी मिठागरात वाढलेली बाय. मी त्यांचं इचारतेय."

नाही म्हणणं सोपं होतं. पण मामांनीच मला सांगितलं होतं की तहान एक दिवसही गेली नाही. म्हणालो, "मागत असतील, मामी. रोजच मागत होते. मागत होते आणि घेत नव्हते."

तिला ते पुरलं की नाही, मला कळलं नाही.

दिवेलागण झाली. या वेळी लक्ष्मी येते म्हणून गावात दारं उघडी असतात. मामीने उठून दार लोटलं. भट्टीकडे जाणारी माणसं दिसू नयेत म्हणून त्या घरात इतकी वर्षं या वेळी दार बंद होत होतं. दार लोटून ती तिथेच उभी राहिली, कशाची तरी वाट पाहत असल्यासारखी... कडी नेहमी मामा घालायचे.